पानाचा उजेड, डोळ्याचा उजेड

टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी सुमिदा अ‍ॅक्वेरियम आहे. तिथल्या मोठमोठ्या काचटाक्यांत अख्खं रान पाण्याखाली वाढतं: ओंडके, खडक, नेच्यांचे दाट झुबके आणि त्यांच्यामधून वळणं घेत फिरणारे लहान माशांचे थवे. अशा चांगल्या जोपासलेल्या टाकीत दिवे लागून काही तास झाले की पानांच्या कडांवर बारीक चंदेरी बुडबुडे धरू लागतात. ते फुगतात, सुटतात आणि माळेसारखे वर जातात.

हा ऑक्सिजन आहे, आणि थोड्या वेळापूर्वी तो पाणी होता. पानावर पडलेल्या उजेडाने पाण्याचा रेणू फोडला. त्यातला हायड्रोजन साखर तयार करायच्या कामी लागला आणि ऑक्सिजन उरला. आजूबाजूच्या पाण्यात तो आणखी विरघळेना, म्हणून बुडबुडा होऊन डोळ्यांसमोर आला. अंगणातला आंबा दिवसभर हेच करतो, पण हवेत मिसळणारा वायू कुणाला दिसणार? ज्या क्रियेवर पृथ्वीवरचं जवळजवळ सगळं जीवन उभं आहे, ती नुसत्या डोळ्यांनी बघायची असेल तर पाण्यातल्या पानासमोर बसावं.

टाकीतला हा सारा कारभार वरच्या दिव्यावर चालतो आणि त्या दिव्याची वाट दोघं बघत असतात. पानाला तो उजेड खायचा असतो, माणसाला त्या उजेडात बघायचं असतं. दोघांची गरज एक नाही. पाणवनस्पतींसाठी दिवा निवडायचा म्हणजे या दोघांचं जमवून द्यायचं. ते कसं जमतं हे समजून घ्यायला जपानइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. पाण्याखालच्या बागेची कला तिथे बहरली, आजचा दिवा तिथे घडला, आणि पान उजेड कसा खातं याबद्दलचा एक जुना समजही तिथल्याच प्रयोगशाळेत दुरुस्त झाला.

निगाताचा सायकलपटू

सुमिदातल्या त्या टाक्या ताकाशी आमानो यांनी रचल्या. त्यांचा जन्म १९५४ सालचा, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निगाता प्रांतातला. हा भातशेतीचा, पाणथळींचा आणि भरपूर बर्फाचा मुलूख. तरुणपणी ते ‘केइरिन’ या जपानी सायकल शर्यतींतले व्यावसायिक खेळाडू होते. शर्यतींबरोबर छायाचित्रणाचा नाद होता, आणि पाणवनस्पतींचा त्याहून मोठा. १९८२ साली त्यांनी ‘अ‍ॅक्वा डिझाइन आमानो’ ही कंपनी काढली. टाकी म्हणजे मासे ठेवायचं भांडं, झाडं म्हणजे सजावट, असा तेव्हाचा रिवाज होता. आमानोंनी तो उलटा केला. त्यांच्या टाकीत आधी झाडं आली, मग मासे.

त्यांचं एक काम दिव्याच्या दृष्टीने फार बोलकं आहे. रिक्सिया नावाची एक तरंगती वनस्पती आहे. मूळ नसलेली, बारीक फांद्यांची, डबक्यांत आणि भातखाचरांत पाण्यावर हिरवा थर धरणारी. ती पृष्ठभागावर राहते, म्हणजे भर उन्हात आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या शेजारी. आमानोंनी तिला बारीक दोऱ्याने दगडांना बांधलं आणि तळाशी नेलं. पृष्ठभागावर तिला जे आयतं मिळत होतं ते आता तळाशी पोचवणं भाग होतं. म्हणून वर प्रखर दिवे आले आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला गेला. मग त्या हिरव्या गालिच्याच्या टोकाटोकावर मोत्यांसारखे बुडबुडे चढले. ही छायाचित्रं जगभर गेली आणि घरोघरच्या हौशी माणसांनी टाकीवरच्या दिव्याकडे नव्याने बघायला सुरुवात केली.

२०१५ साली लिस्बनच्या मत्स्यालयात आमानोंनी ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी उभी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

डोळा फसतो तो असा

दिव्याच्या खोक्यावर ल्युमेन लिहिलेले असतात. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, तर गडद निळा आणि गडद लाल त्याला मंद वाटतात. हरितद्रव्याचा कल नेमका उलटा आहे. ते सर्वांत जोमाने शोषतं निळ्यात, ४३० ते ४५० नॅनोमीटरच्या सुमाराला, आणि लालमध्ये, ६४० ते ६६० च्या सुमाराला. ज्या रंगांना डोळा कमी किंमत देतो, तेच पानाचे लाडके आहेत. म्हणून खोलीत लख्ख वाटणारा दिवा पानाला अपुरा पडू शकतो, आणि पानाला पुरणारा जांभळट दिवा माणसाला अंधुक वाटू शकतो.

पानाचा हिशेब वेगळ्या मापाने होतो. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडले, ते मोजायचं. हे कण इतके असंख्य असतात की ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे साठ कोटी अब्ज प्रकाशकण. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली दर चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २,००० मायक्रोमोल कोसळतात. आणि टाकीतल्या बहुतेक वनस्पती यातल्या किती उजेडात सुखाने वाढतात? सावलीतल्या जातींना २० ते ३० पुरतात, मध्यम गरजेच्या झाडांना ३० ते ६०. अगदी हट्टी लाल आणि गालिचा धरणाऱ्या जातीही १०० च्या आसपास खूश असतात. म्हणजे उन्हाचा विसावा हिस्सा, तोही जास्तीत जास्त. पाण्याखालचं रान किती थोडक्यात भागवतं, हे हा आकडा पहिल्यांदा कळतो तेव्हा थक्क करतं.

घरी एवढी मोजमापं करायला महागडं यंत्र लागत नाही. लक्स हेही डोळ्याचंच माप, पण मोबाइलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप ढोबळ अंदाज देतं. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागलं की मायक्रोमोलच्या जवळपास पोचता येतं. टाकीत पाणी भरण्याआधी फोन तळाशी ठेवून बघावा. २,१०० लक्स दाखवले तर तिथे साधारण ३० मायक्रोमोल पोचत आहेत.

निळा दिवा कुठून आला

पूर्वी टाक्यांवर ट्यूबलाइट असत. आमानो मोठ्या टाक्यांवर मेटल हॅलाइडचे दिवे टांगत. त्यांच्या एकाच बिंदूतून येणाऱ्या प्रखर झोताने पाण्यात सूर्यासारख्या लहरत्या रेघा पडतात. पण हे दिवे तापत आणि वीजही पुष्कळ खात. आज पुण्या-नाशिकच्या घरांतही टाकीवर एलईडीची पट्टी दिसते. तिच्यामागची गोष्ट नागोया आणि तोकुशिमा या दोन जपानी ठिकाणी घडली.

लाल आणि हिरवे एलईडी कित्येक वर्षं बाजारात होते, निळा काही केल्या साधत नव्हता. निळ्यावाचून पांढरा उजेड जमेना. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं इतकं कठीण होतं की अनेकांनी तो नाद सोडला. नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो यांनी १९८६ मध्ये चांगला स्फटिक वाढवून दाखवला. (हे आमानो वेगळे, टाकीवाले आमानो वेगळे.) शिकोकू बेटावरच्या तोकुशिमात, निचिया कंपनीत, शुजी नाकामुरा स्वतंत्रपणे याच मागे होते. १९९३ मध्ये निचियाने प्रखर निळा एलईडी जाहीर केला. त्या निळ्यावर पिवळं चमकणाऱ्या भुकटीचा लेप देऊन १९९६ मध्ये पांढरा एलईडी आला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

पांढऱ्या एलईडीचा वर्णपट उघडून बघितला तर त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं उंच शिखर दिसतं. घरं उजळावीत, वीज वाचावी म्हणून केलेल्या शोधातलं हे शिखर हरितद्रव्याच्या आवडत्या निळ्याशेजारी येऊन बसलं आहे. यामुळेच साधा चांगला पांढरा एलईडीसुद्धा झाडं वाढवतो. दिव्याच्या खोक्यावरचा ‘६५०० केल्विन’सारखा आकडा मात्र जपून वाचावा. उजेड डोळ्याला किती पिवळट वा निळसर दिसेल एवढंच तो सांगतो. पानापर्यंत किती कण पोचतील, याबद्दल तो काही बोलत नाही.

हिरव्याची उपेक्षा

मग प्रश्न पडतो: पानाला निळा आणि लालच हवा असेल, तर हिरवा हवा कशाला? पान हिरवं दिसतं, कारण ते हिरवा परत पाठवतं, असं शाळेत आपण सगळेच शिकलो. यावरून काही दिवे फक्त निळ्या-लालचे केले गेले. त्यांच्याखाली झाडं वाढतात, पण सगळी टाकी जांभळी दिसते आणि पानं काळपट.

२००९ साली टोकियो विद्यापीठातले इचिरो तेराशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्यफुलाच्या पानांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पानावर आधीच प्रखर पांढरा उजेड पाडला, मग त्यात थोडा लाल किंवा थोडा हिरवा मिसळला, आणि प्रकाशसंश्लेषण किती वाढतं ते मोजलं. प्रखर उजेडात हिरव्याने लालपेक्षा जास्त काम केलं.

कारण समजलं की पानाची रचना नव्याने कळते. लाल आणि निळा पानाच्या वरच्या थरातच शोषला जातो. उजेड प्रखर असेल तेव्हा त्या थरातली हरितद्रव्याची यंत्रणा आधीच पूर्ण भरलेली असते, मग आणखी आलेला लाल वाया जातो. हिरवा पहिल्या भेटीत कमी शोषला जातो खरा, पण म्हणूनच तो आत उतरतो. पानाच्या आतल्या पोकळ पेशीजाळ्यात तो इकडून तिकडे आपटत, लांबचा रस्ता काटत खालच्या, अजून उपाशी असलेल्या थरांपर्यंत जातो आणि तिथे कामी येतो. डोळ्याला दिसतो तो हिरवा परत आलेला उरलासुरला भाग आहे. बरीच पानं त्यांच्यावर पडलेल्या हिरव्यातला निम्म्याहून अधिक भाग खाऊन टाकतात.

पाण्याखालची पानं सहसा सूर्यफुलासारखी जाड नसतात. कित्येकांची जाडी मोजक्या पेशींची, तर बऱ्याच मॉसची पानं एकाच पेशीच्या जाडीची. त्यामुळे तेराशिमांचा निष्कर्ष एकेका पानाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण टाकीतल्या दाट झुडपाचा विचार करा. वरच्या पानांनी सोडून दिलेला हिरवा उजेड खालच्या पानांवर जातो. लाल-निळा वरच अडतो. दाटीच्या बुडाशी जे काही झिरपतं, त्यात हिरव्याचं प्रमाण मोठं असतं.

आणि इथे पान आणि माणूस यांचं जमतं. हिरवा माणसाच्या डोळ्याचा सर्वांत लाडका रंग आहे, आणि पानालाही तो नको असतो असं नाही. आमानो छायाचित्रकार होते. हिरव्याच्या छटा नीट उठल्या पाहिजेत, यावर त्यांचा कटाक्ष होता. त्यांच्या कंपनीने पुढे लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही एलईडी वेगवेगळे बसवलेला दिवा काढला, तो याच कटाक्षातून. दिवा घेताना तिन्ही रंग भरून असलेला वर्णपट मागावा. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय ८० च्या वर, जमल्यास ९० च्या जवळ असावा.

पाणी आणि काच यांची करामत

दिव्यापासून पानापर्यंतच्या वाटेत पाणी आहे, आणि पाणी सगळ्या रंगांना सारखं वागवत नाही. एक मीटर स्वच्छ पाण्यात ६५० नॅनोमीटरच्या लाल रंगाचा सुमारे ३० टक्के भाग हरवतो, निळ्याचा जेमतेम एक टक्का. खोल समुद्र निळा का, याचं उत्तर यातच आहे. घरच्या ४०-५० सेंटीमीटर उंचीच्या टाकीत ही घट फार जाणवत नाही. पाण्यात ओंडक्याचा चहासारखा रंग उतरला असेल तर मात्र चित्र पालटतं. तिथे निळा आधी अडतो.

काच याहून मोठी किमया करते. वरून आलेले किरण पाण्यात शिरताना वाकतात आणि उभ्या दिशेकडे झुकतात. मग बाजूच्या उभ्या काचेवर ते इतके निसटते आदळतात की बहुतेक किरण बाहेर पडूच शकत नाहीत. पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन ते परत पाण्यात येतात. हिऱ्याला लकाकी देणारं आणि प्रकाशतंतूतून संदेश वाहणारं तेच हे तत्त्व. दिवा घरातल्या टाकीवर ठेवला की टाकीच्या चारही भिंती आतून आरसे होतात आणि उजेड तळापर्यंत नेतात. म्हणून काच आतून स्वच्छ ठेवणं हे नुसतं नीटनेटकेपणाचं काम नाही, उजेडाची वाट मोकळी ठेवणं आहे.

उजेड वाढवला की भूक वाढते

नवखा माणूस दिव्याबाबत सर्वसाधारणपणे एकाच दिशेने विचार करतो: झाडं वाढत नाहीत, उजेड वाढवा. पण उजेड म्हणजे पंगतीला पानं मांडणं. पानं मांडली की वाढायला हात आणि अन्न लागतं. पाण्यात ते अन्न म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, लोह यांसारखी खतं. त्यात कार्बनची अडचण सर्वांत मोठी, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पानाला चिकटलेल्या पाण्यातला कार्बन संपतो आणि नवा लवकर येत नाही. उजेड भरपूर, अन्न नाही, अशा वेळी झाड अडून बसतं आणि त्या मोकळ्या उजेडावर शेवाळ ताव मारतं. आमानोंच्या टाक्यांत शेवाळ खाणारी एक जपानी कोळंबी हमखास असायची. आज जगभर ती ‘आमानो श्रिंप’ म्हणून विकली जाते. पण तीही भलत्या उजेडापुढे हात टेकते.

म्हणून दिव्याचा निर्णय झाडांच्या मूळ घरापासून सुरू करावा. श्रीलंकेच्या सावलीतल्या ओढ्यांतली क्रिप्टोकोरायनी वेंटी, पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातली अनुबियास, ओंडक्यावर वाढणारा जावा फर्न: यांना कमी उजेड हाच घरचा उजेड. प्रखर दिव्याखाली त्यांच्या संथ वाढणाऱ्या पानांवर शेवाळच चढतं. उलट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची ग्लॉसोस्टिग्मा आमानोंनी गालिच्यासाठी लोकप्रिय केली. भरपूर उजेडात ती जमिनीला बिलगून पसरते, कमी उजेडात उजेडाकडे मान उंचावत उभी वाढते. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली रोटाला मॅक्रॅन्ड्रा उजेड पुरेसा मिळाला की लालभडक होते, कमी पडला की फिकटते. आपल्या साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळी डबक्यांत वायतुरा उगवतो. अपोनोजेटॉन या टाकीवाल्यांच्या ओळखीच्या कुळातली ही जात सह्याद्रीच्या उघड्या सड्यांवर, आकाशाखाली वाढते. ती तिथेच पाहावी, उपटू नये. पण एकाच कुळाला किती वेगवेगळा उजेड मानवतो, हे तिच्याकडे बघून शिकता येतं.

पुरे म्हणणंही कळायला हवं

उजेड जास्त झाल्याने काय होतं, याची गोष्ट होक्काइदो बेटावरच्या आकान सरोवरात आहे. तिथे मारिमो नावाचे हिरवे गोळे राहतात. हे बारीक धाग्यांचं शेवाळ आतून बाहेर सगळ्या दिशांनी वाढतं आणि काही गोळे ३० सेंटीमीटरपर्यंत मोठे होतात. वाऱ्याने उठलेल्या लाटा त्यांना तळाशी हळूहळू फिरवत राहतात, म्हणून प्रत्येक बाजूला उजेडाची पाळी मिळते आणि गोळा गोलच राहतो. १९२१ मध्ये जपानने त्यांना नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं आणि १९५२ मध्ये त्याहून वरचा विशेष दर्जा दिला.

हिवाळ्यात सरोवर गोठतं. बर्फाचा आणि हिमाचा थर मारिमोंवर सावली धरतो. तापमान वाढल्यामुळे हा थर पातळ होऊ लागला, तर थंडगार पाण्यात मारिमोंवर थेट ऊन पडेल. जपानी संशोधकांनी याचा प्रयोग केला. थंड पाण्यात प्रखर उजेड चार तासांपर्यंत दिला तेव्हा मारिमोच्या पेशींनी झालेली इजा भरून काढली. सहा तास आणि त्याहून जास्त झाल्यावर मात्र त्या सावरल्या नाहीत. थंडीत पेशीची दुरुस्ती मंदावते, उजेडाचा मारा तेवढाच राहतो, आणि खाता न आलेला उजेडच इजा करतो.

घरच्या टाकीला यातून दोन गोष्टी घेता येतात. पहिली, उजेडाची तीव्रता आणि त्याचे तास वेगवेगळे सांभाळावेत. नवी टाकी लावली की रोज सहा तासांपासून सुरुवात करावी, झाडं रुळली की आठपर्यंत न्यावं, आणि हे काम टायमरवर सोपवावं, कारण पानाला रोज ठरलेली वेळ मानवते. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. तो उजेड आपल्या हातात राहत नाही. दुसरी, शेवाळ दिसलं तर आधी दिवा मंद करावा किंवा थोडा उंच टांगावा, औषधाची बाटली नंतर उघडावी. कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर कमी उजेडाची झाडंच निवडावीत. त्यात कमीपणा काहीच नाही. जावा फर्न आणि अनुबियास वर्षानुवर्षं टिकतात.

या सगळ्यातून एक साधा क्रम हाती येतो. आधी झाड ठरवावं आणि ते कुठल्या ओढ्यातलं, कुठल्या सावलीतलं किंवा उन्हातलं, ते शोधावं. मग त्याला कार्बन आणि खत किती देता येईल ते बघावं. तेवढ्याच भुकेला पुरेल असा, तिन्ही रंगांचा दिवा सगळ्यात शेवटी घ्यावा. बाजारात बहुतेक जण नेमकं उलटं करतात: आधी सर्वांत प्रखर दिवा घेतात, मग त्याच्या मागे धावत राहतात. पानाच्या हिशेबाने उजेड मोजायला शिकलेल्या माणसाला स्वस्तातला साधा दिवाही पुरतो, कारण पाण्याखालच्या रानाला सूर्याचा फार थोडा वाटा लागतो, आणि तो वाटा नेमका किती हे आता आपल्याला मोजता येतं.